फळ्यावरचे तीनशे बारा

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. उदाराम कापगते सर. व्यासपीठावर उपस्थित असलेले संस्थेचे सचिव आदरणीय रामलालजी कटरे. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते संगणक विभागाचे श्री. लक्ष्मीचंद पटले सर. त्यांच्या शेजारी बसलेल्या सौ. सुशिलाबाई, माझे सर्व सहकारी, कार्यालयातली मंडळी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि ऐन धानकापणीत शेत सोडून आमगावपर्यंत आलेल्या पालक मंडळींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी योगेश्वरी टेंभरे. या महाविद्यालयाची ग्रंथपाल. माझी सगळी नोकरी 'हळू बोला' असं सांगण्यात गेली, आणि आज मलाच माइकसमोर उभं केलंय. मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? श्यामलालभाऊ, तो खिडकीजवळचा पंखा जरा बंद करा. त्याच्या आवाजात माझा आवाज जाईल.

निरोपाच्या भाषणात काय बोलायचं असतं ते मला ठाऊक आहे. शिस्तप्रिय, मनमिळाऊ, विद्यार्थिप्रिय. हे तिन्ही शब्द माझ्या आधीच्या वक्त्यांनी वापरून झाले आहेत, त्यामुळे माझी अडचण झाली, असं मी म्हणणार होते. पण खरी अडचण वेगळी आहे. परवा पटले सर ग्रंथालयात आले, माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, माह्याबद्दल चांगलं बोलायले बाकीचे हायेत. तुम्ही ते सांगा."

'ते' म्हणजे काय, हे आम्हा दोघांना माहीत होतं. मी म्हटलं, "सर, शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमात हे कसं सांगू?" तर म्हणाले, "मी सांगितलं तं लोक समजूत घालतीन. तुम्ही सांगितलं तं ऐकतीन."

या महाविद्यालयात गेला महिनाभर एकच प्रश्न फिरतोय, तो मीही ऐकलाय. सरांची नोकरी अजून बाकी होती. तब्येत ठणठणीत. मग हा माणूस काऊन सोडून राहिला? कोणी म्हणतं, मुलाकडे पुण्याला चालले. कोणी म्हणतं, प्राचार्यांशी बिनसलं. प्राचार्य सर, तुम्ही मान हलवताय, मला दिसतंय. तुमच्याशी काही बिनसलेलं नाही. झालंच तर ते तुमच्या वार्षिक अहवालाशी एकदा बिनसलं होतं.

ती गंमत आधी सांगते, कारण पुढे गमतीचं फारसं काही नाही.

पटले सरांना मोजायची सवय. आपण संगणकावर चित्रं बघून, बटणं दाबून कामं करतो. सर काळा पडदा उघडून बसतात. त्यावर पांढरी अक्षरं. त्यात ते दोन अक्षरांची एक आज्ञा टाइप करतात, डब्ल्यू आणि सी, पुढे फाईलचं नाव, आणि एंटर. खाली तीन आकडे येतात. फाईलमध्ये ओळी किती, शब्द किती, आणि तिसरा आकडा मशीनच्या आपल्या हिशेबाचा. बस. एवढीच ती आज्ञा. डब्ल्यूसी म्हटलं की पहिल्या वर्षाची मुलं हसतात, कारण आपल्या गोंदिया स्टेशनावर त्या पाटीचा अर्थ वेगळा आहे. बघा, आत्ताही हसली. सर दरवर्षी ते हसू संपेपर्यंत थांबायचे आणि मग शिकवायचे.

तर प्राचार्यांचा वार्षिक अहवाल सरांकडे टंकून आला. सरांनी तो मोजला आणि नम्रपणे कळवलं, "साहेब, मागच्या वर्षीपेक्षा शब्द दीडपट झाले, कामं तेवढीच हायेत." प्राचार्यांनी मोठ्या मनाने तो अहवाल छोटा केला. असं ऐकून घेणारे साहेब फार नसतात, हेही मी नोंदवते.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

ग्रंथालयाच्या मागची खोली तुम्ही पाहिली असेल. आज तिथे मोडक्या खुर्च्या आहेत. काही वर्षांपूर्वी तिथे आपलं बोली केंद्र होतं. झाडीपट्टीतल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करायचं, आणि ते जसंच्या तसं संगणकात लिहून ठेवायचं, असं ते काम. एका माणसाची एक फाईल. लिहायला होती भूमेश्वरी डोंगरवार. आपलीच विद्यार्थिनी, मराठीत एम.ए. झालेली. तीच गावोगाव जायची, तीच विचारायची, आणि परत येऊन कानाला हेडफोन लावून तीच लिहायची. मशीनची सगळी व्यवस्था पटले सरांकडे.

लिहायचं कसं, याचा नियम सरांनी ठरवून दिला होता. बोलणाऱ्याने दम घेतला की नवी ओळ. इथवर कोणीही ठरवेल. पण सरांनी आणखी एक सांगितलं होतं. मी तेव्हा तिथे होते. ते म्हणाले, "भूमेश्वरी, बाई बोलता बोलता गप्प बसली, तं तू का करशीन?" ती म्हणाली, "पुढचं लिहीन, सर." "नाही. एक एंटर मार, एक ओळ रिकामी सोड. अजून गप्पच हाये? अजून एक मार. ती बोलेपर्यंत तू घाई करायची नाही."

मला तेव्हा हा फाजील काटेकोरपणा वाटला. आपल्याकडची म्हातारी माणसं गप्प बसतात ते पान थुंकायला किंवा शेळी हाकलायला, असं मी म्हटलंसुद्धा. पण मग रोज दुपारी वाचनकक्षात बसून मला मागच्या खोलीतला आवाज ऐकू यायला लागला. भूमेश्वरीचा कीबोर्ड जुना, मोठ्या आवाजाचा. खडखड खडखड चालायचा. आणि मध्येच थांबायचा. मग नुसतं एक टक. थोड्या वेळाने आणखी एक टक. म्हणजे चिचगडकडची नाहीतर देवरीकडची कोणी बाई तिकडे, हेडफोनमध्ये, काही न बोलता बसलेली आहे. मी पुस्तकांवर शिक्के मारता मारता थांबत असे. आत कोण गप्प बसलंय ते मला माहीत नसायचं, पण कोणीतरी बसलंय हे कळायचं.

कुंदाबाई त्यांतलीच एक. चिचगडच्या बाजूचं गाव, जंगलाला लागून. तलाव बांधणाऱ्या घराण्यात दिलेली, त्यामुळे तलावाच्या पाळीबद्दल तिला पुष्कळ माहिती. पाळ कशी चोपायची, पाणी कुठून सोडायचं, कोणत्या साली पाळ फुटली. लग्नाची गाणीही तिला येत. भूमेश्वरी दिवसभर तिच्या ओट्यावर बसून आली होती. परत आली तेव्हा मला म्हणाली, "मॅडम, लय गोड बाई हाये, पण बोलायले लय वेळ लावते."

ही फाईल सरांच्या आवडीची. पहिल्या वर्षाला डब्ल्यूसी शिकवताना ते इंग्रजी उदाहरण घेत नसत. म्हणत, पोरांना कळू द्या की आपल्या आजीचं बोलणंही या काळ्या पडद्यावर मावतं. कुंदाबाईची फाईल उघडायची, आज्ञा चालवायची, आलेले आकडे प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या फळ्यावर लिहायचे. एकदा तो फळा लिहिताना सरांचं पेन वाळलं. ते धावत माझ्याकडे आले आणि माझ्या टेबलावरचं पेन घेऊन गेले. ते पेन पुस्तकांच्या पाठीवर नंबर घालायचं होतं. एकदा लिहिलं की पुस्तक फाटलं तरी नंबर जात नाही, असं पेन.

तास संपल्यावर लक्षात आलं. श्यामलालभाऊंनी स्पिरिट लावलं, घासलेट लावलं, शेवटी रंगाच्या दुकानातून थिनर आणलं. फळ्याची चमक गेली, आकडे गेले नाहीत. 'कुंदाबाई. ओळी ३१२. शब्द १८९४.' आम्ही किती हसलो होतो. सर त्यानंतर वर्षानुवर्षं त्या आकड्यांच्या बाजूची जागा शोधून शिकवायचे. नवीन मुलं विचारायची, सर, ही कुंदाबाई कोण?

मग एका पावसाळ्यात वीज पडली. आपल्या भागात ती काही नवी नाही. महाविद्यालयाच्या मागच्या मोहाच्या झाडावर पडली आणि त्या झटक्यात रेकॉर्डिंग ज्या डिस्कवर होती ती डिस्क गेली. सर ती घेऊन नागपूरला दोनदा जाऊन आले. तिथल्या माणसाने हात टेकले. म्हणजे आवाज गेले. सगळ्यांचे. त्यातली बरीच माणसं तोवर गेलेलीही होती. आवाजांची दुसरी प्रत ठेवण्याइतकी जागा कधी नव्हती; उरलं ते भूमेश्वरीने लिहिलेलं तेवढं. सर त्या दिवशी खोलीत आले आणि म्हणाले, "बरं झालं पोरी, तू घाई केली नाही."

केंद्र ज्यांच्या मंजुरीने चालायचं त्या वरच्या कार्यालयाला प्रगती अहवाल द्यावा लागे. भूमेश्वरीचं दरमहाचं उद्दिष्ट ठरलेलं होतं, आणि ते ओळींत ठरलेलं होतं. तिकडे कोणीतरी फायली तपासायला घेतल्या. त्यांच्या लक्षात आलं की ओळी भरपूर, शब्द त्या मानाने कमी. फाईल उघडली तर मध्ये मध्ये रिकाम्या ओळी. पत्र आलं. भाषा सरकारी, अर्थ साधा. लिहिणारी बाई नुसतं एंटर दाबून उद्दिष्ट भरते आहे. रिकाम्या ओळी तातडीने काढाव्यात, अन्यथा संबंधित व्यक्तीवर लबाडीचा ठपका ठेवण्यात येईल.

भूमेश्वरीने ते पत्र माझ्या टेबलाशी उभं राहून वाचलं. रडली नाही. मला म्हणाली, "मॅडम, बाई गप्प बसली तं मी का लिहू? तिच्या नावानं खोटं लिहू का?" पटले सरांनी उत्तर पाठवलं, नियम समजावून सांगितला. दुसरं पत्र आलं, पहिल्यापेक्षा छोटं. तिसऱ्यात भूमेश्वरीचं नाव घालून खुलासा मागितला.

इथे मी सरांची बाजू घेणार नाही. त्यांनीच मला तसं बजावलंय. जे झालं ते सांगते.

सरांपुढे दोन गोष्टी होत्या. एकीकडे जिवंत पोरीचं नाव, दुसरीकडे फायलींमधल्या रिकाम्या जागा, ज्यांत काहीच लिहिलेलं नाही. तुम्ही काय केलं असतं? मी काय केलं असतं? सरांनी काळा पडदा उघडला आणि एक आज्ञा दिली. एका एंटरमध्ये केंद्राच्या सगळ्या फायलींमधल्या सगळ्या रिकाम्या ओळी गेल्या. मग सवयीप्रमाणे त्यांनी मोजून पाहिलं. शब्द जसेच्या तसे. एकही शब्द कमी झालेला नव्हता. सर मला म्हणाले, "शब्द शाबूत हायेत, मॅडम. फाईल शाबूत हाये." मी म्हटलं, "मग झालं तर."

दुसरी प्रत? होती ना. लिहिलेल्या फायली रोज संध्याकाळी दुसऱ्या डिस्कवर आपोआप उतरायच्या, अशी व्यवस्था सरांनीच लावलेली. त्या संध्याकाळीही उतरल्या. जुन्यांच्या जागी साफ केलेल्या. वरच्या कार्यालयानेही नव्या फायली घेऊन जुन्या पुसल्या.

आणि पुढचं ऐका. रिकाम्या ओळी गेल्यावर ओळींची संख्या उतरली. वरच्या कार्यालयाने नव्याने मोजलं आणि कळवलं की लबाडीचा प्रश्न आता मिटलेला आहे, मात्र उद्दिष्ट अपूर्ण असल्यामुळे केंद्राला मुदतवाढ देता येत नाही. भूमेश्वरीचं नाव राहिलं, काम गेलं. ती आज तिरोड्याला एका झेरॉक्सच्या दुकानात बसते. आज तिला मी बोलावलं होतं. दुकान सोडता येत नाही म्हणाली. सरांना नमस्कार सांगितलाय.

सर, तिचा नमस्कार पोचवला.

एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तरी आपण ती पचवली असती. केंद्रं बंद पडतात, आपल्याला सवय आहे. पण गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक मुलगी आली. गोंदियाला नर्सिंग शिकते. नीतू तिचं नाव. नीतू, तू मागे भिंतीशी बसली आहेस ते मला दिसतंय. तुला विचारूनच बोलतेय मी. नको वाटलं तर हात वर कर, मी थांबेन.

नीतू ही कुंदाबाईची नात. मुलीची मुलगी. कुंदाबाई त्या आधीच्या हिवाळ्यात गेल्या. नीतूची आई, कुंता, तिला तिरोड्याकडच्या एका गावात दिलेली होती. नीतू रांगत होती तेव्हा कुंता सासरच्या विहिरीत गेली. पाय घसरला, असं सासरचे म्हणाले, आणि सगळीकडे तसंच लिहिलं गेलं. कुंदाबाईने नातीला उचलून आणलं आणि वाढवलं. पण मुलीबद्दल घरात एक शब्द बोलली नाही. नीतू विचारायची, तर आजी उठून चुलीकडे जायची.

आजी गेल्यावर नीतूला गावात कोणीतरी सांगितलं, अगं, आमगावच्या कॉलेजची एक बाई येऊन तुझ्या आजीचं दिवसभर बोलणं लिहून गेली होती. म्हणून ती आली. तिला एकच पाहायचं होतं, आजी आईबद्दल काही बोलली का.

मी फाईल काढून दिली. वाचनकक्षातल्या संगणकावर ती वाचत बसली. तलाव वाचला, गाणी वाचली. मग उठून माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, इथं पहा."

भूमेश्वरीने गाण्यांच्या ओघात सहज विचारलं होतं. लग्नाचं गाणं झालं होतं, म्हणून विचारलं असेल. प्रश्न होता, 'तुमची पोरगी सासरी सुखात होती का?' त्याच्या खालच्याच ओळीवर उत्तर. 'होती.' त्याच्या खाली पुन्हा तलाव.

नीतू म्हणाली, "आजी अशी पटकन बोलली?"

मी म्हटलं, "लिहिलंय तसंच बोलली असेल, बाळा."

"नाही मॅडम. माही आजी भाजीत मीठ हाये का इचारलं तरी थांबे. मंग बोले. इथं पोरीचं इचारलं, अन् लगेच होती म्हणाली?"

तेव्हा मला त्या रिकाम्या ओळी आठवल्या. मी तिला घेऊन प्रयोगशाळेत गेले. पटले सर एकटेच होते. सरांनी ऐकून घेतलं. लपवाछपवी केली नाही. म्हणाले, "त्यात रिकाम्या ओळी होत्या. आजी गप्प बसली असंन तिथं. मीच काढल्या."

"कुठून काढल्या?"

"सगळीकडून."

"माह्या आजीच्या कुठं कुठं होत्या?"

सरांनी हात वर करून फळा दाखवला. तिथे ते होतंच. ओळी तीनशे बारा. मग तिच्यासमोर आज्ञा चालवली. दोनशे एक्काहत्तर. सर म्हणाले, "एक्केचाळीस गेल्या. किती, ते सांगता येते. कुठल्या, ते नाही सांगता येत. ते आता कुणालेच नाही सांगता येत."

मी तिथूनच भूमेश्वरीला फोन लावला. स्पीकरवर ठेवला. तिला कुंदाबाई आठवत होती, ओटा आठवत होता, दिलेला चहा आठवत होता. पण गप्प कुठे बसली? तिने आठवून पाहिलं. मग म्हणाली, "मॅडम, बाई तं लय जागी थांबे. पाळ फुटल्याचं सांगतानाही थांबली असंन. लिहून ठेवलं म्हणून तं मी ध्यानात ठेवलं नाही." आणि फोनवर पहिल्यांदा रडली. तिचा काय दोष? आपण लिहून ठेवतो ते डोक्यावरचं ओझं उतरवायलाच ना?

सर खुर्चीत बसून राहिले. मी त्यांना इतक्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं. ते पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "शब्द शाबूत हायेत म्हणालो होतो मी."

नीतू म्हणाली, "सर, त्या ओळी मले घालता येतीन का?"

सरांनी तिला समजावलं. म्हणाले, "घालता येतीन, पण ते खरं नाही होणार. तुम्ही तिथं नव्हत्या." त्यावर ती म्हणाली, "तिथं नव्हती. पण घरी तिच्यापाशीच राहिली ना मी. ती कधी गप्प होये, ते मले मालूम हाये."

सरांनी फाईलची दुसरी प्रत काढून दिली आणि खुर्ची सोडली. नीतू बसली. मी मागे उभी होते. मला वाटलं, ही सुरुवातीपासून वाचत जाईल, जिथे आजी थांबली असेल असं वाटेल तिथे एक एक ओळ सोडत जाईल. दोन ओळी पाळ फुटली तिथे, एखादी नवऱ्याच्या आठवणीत, एखादी गाणं विसरलं तिथे. नीतू वाचत गेली. तलावाची पाळ फुटली, तिने हात लावला नाही. सासरा गेला, हात लावला नाही. लग्नाची गाणी आली, गेली.

मग तो प्रश्न आला. 'तुमची पोरगी सासरी सुखात होती का?' तिने त्या ओळीच्या शेवटी कर्सरची रेघ नेऊन ठेवली आणि एंटर मारलं.

टक.

मग आणखी एक. तो भूमेश्वरीचाच जुना कीबोर्ड होता. केंद्र बंद झाल्यावर सरांनी तो प्रयोगशाळेत आणून ठेवलेला. वाचनकक्षात बसून मी जो आवाज ऐकत असे तोच आवाज, आता समोर. नीतू घाई करत नव्हती. एक मारायची, थांबायची, मग दुसरं. प्रश्न पडद्यावर वर वर सरकत गेला आणि दिसेनासा झाला. उत्तर खाली खाली जाऊन तेही दिसेनासं झालं. पडदा नुसता काळा. त्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती. ती तरीही मारतच होती. सरांकडे पाहिलं तर त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते.

शेवटी सर म्हणाले, "झाल्या, बेटा."

नीतूने हात काढला. सगळ्या एक्केचाळीस ओळी तिने त्या एकाच ठिकाणी घातल्या होत्या. दुसरीकडे एकही नाही. मग ती बाण दाबत दाबत खाली गेली, बरीच खाली, तेव्हा कुठे 'होती' दिसलं.

सरांनी आज्ञा चालवली. मला वाटतं, सवयीने हात गेला असेल. ओळी तीनशे बारा. शब्द अठराशे चौऱ्याण्णव. फळ्याशी तंतोतंत जुळलं. नीतू चुकली असं आता मशीन म्हणू शकत नाही, मी म्हणू शकत नाही, सरही म्हणू शकत नाहीत. ती बरोबर आहे असंही आमच्यापैकी कोणी म्हणू शकत नाही.

मी नीतूला विचारलं, ही प्रत तुला छापून देऊ का, घरी ठेवायला? ती म्हणाली, "नको मॅडम. इथंच राहू द्या. हे आजी घरी कधी बोलली नाही."

वरच्या कार्यालयात गेलेली प्रत साफ केलेली आहे. या सगळ्या बोलण्यांचं पुस्तक काढायचं तिकडे ठरतंय, असं कानावर आहे. सरांनी पत्रं लिहिली. उत्तर आलं की संग्रह अंतिम झालेला आहे. म्हणजे ते पुस्तक आपल्या ग्रंथालयात येईल, त्याच्या पाठीवर मीच त्या पेनाने नंबर घालीन, आणि आत छापलेलं असेल, पोरगी सासरी सुखात होती का, होती. मला त्याचा राग येतो. नुसता खेद नाही, राग येतो. पण तो कोणावर काढू ते कळत नाही, कारण त्यात एकही शब्द खोटा नाही.

जुलैत नवीन वर्ग सुरू झाला. सर प्रयोगशाळेत गेले, काळा पडदा उघडला, डब्ल्यूसी म्हणाले, मुलं हसली. सर हसू संपेपर्यंत थांबले. मग मागच्या बाकावरून कोणी तरी विचारलं, सर, ही कुंदाबाई कोण? सर तास अर्धा टाकून बाहेर आले आणि ग्रंथालयात येऊन बसले. त्याच आठवड्यात त्यांनी अर्ज दिला. मला एवढंच म्हणाले, "मॅडम, शिकवताना मले म्हणावं लागते, शब्द जुळले म्हणजे फाईल पुरी हाये. आता कसं म्हणू?"

म्हणून ते चालले आहेत. पुण्याला नाही, इथेच, आपल्या गावी, शेतावर. सुशिलाबाई, तुम्ही त्यांना सांभाळालच. ते फार बोलणार नाहीत. तुम्हीही घाई करू नका.

सर, सहकाऱ्यांच्या वतीने शाल आणि श्रीफळ प्राचार्य देतीलच. मला तुमच्या बाबतीत एकच मागणं मागायचं आहे, आणि ते सचिव साहेबांकडे. दिवाळीनंतर प्रयोगशाळेची रंगरंगोटी होणार आहे, नवे फळे येणार आहेत असं ऐकते. तो जुना फळा भंगारात देऊ नका. त्याची चमक गेली आहे, त्यावर आता धड लिहिता येत नाही, सगळं मला माहीत आहे. तो ग्रंथालयात माझ्या टेबलामागे लावायला द्या. खिळे मी माझे आणीन.

प्राचार्य सरांनी मला हे बोलू दिलं, मध्ये चिठ्ठी पाठवली नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. रामलालजी पूर्ण वेळ बसून राहिले, त्यांचे आभार. माइकवाल्यांचे, आलूबोंडे थंड होत असताना कुरकुर न करणाऱ्या विद्यार्थ्यांचे, आणि कापणी सोडून आलेल्या तुम्हा सर्वांचे आभार. नीतू, तू हात वर केला नाहीस, तुझे आभार कसे मानायचे ते मला येत नाही.

मी वक्ता नाही. बोलण्यात कोणाला काही लागलं असेल, मानापमानात उणं राहिलं असेल, एखादं नाव घ्यायचं सुटलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि मध्ये मध्ये मी थांबले, तेव्हा तुमच्यातल्या काहींना वाटलं असेल, बाई भाषण विसरली. तसं नाही. मी काहीच विसरले नव्हते.

नमस्कार.